गोल विणताना रंग बदलला की पट्ट्याला पायरी पडते – घालवायची कशी?

कर्वेनगरची_मैना
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत भाऊ-वहिनी मनालीला चाललेत. भाचा सहा वर्षांचा आहे, त्याला टोपी हवी आहे आणि तीही पट्ट्यापट्ट्यांची, निळी-पांढरी. डोक्याचा घेर ५१ सेंमी. टोपी घट्ट बसावी म्हणून मी ४७ धरून चालले आहे. डबल निटिंग म्हणजे मध्यम जाडीची लोकर, ४ मिमीची गोल सुई, १० सेंमीत २२ टाके, म्हणून १०४ टाके घातले. खालची पट्टी दोन सुलट दोन उलट, वर सगळं सुलट. चार फेऱ्या निळ्या, चार पांढऱ्या.

टोपी छान उठतेय. पण जिथे फेरी सुरू होते तिथे प्रत्येक पट्टा एक ओळ वर-खाली होतो. निळ्याचं टोक निळ्याला भेटतच नाही. वहिनी म्हणते मागे कोण बघतंय. मी बघते ना! उपाय आहे का काही? का पट्ट्यांचं काम गोल सुईवर करूच नये?

मंदाकाकू
मैना, करूच नये हे माझं मत. दोन सुयांवर सरळ विण, शेवटी शिवण घाल. शिवताना निळ्याला निळं, पांढऱ्याला पांढरं लावत गेलं की रेघ कुठे तुटत नाही. आमच्या वेळी चार सुयांवर फक्त मोजे आणि हातमोजे होत, बाकी सगळं दोन सुयांवर. ही गोल सुई आली आणि सगळ्यांना शिवण नकोशी झाली.

पेठेतला_यंत्रज्ञ
काकू, शिवणीचा मुद्दा मान्य. पण सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर मागे शिवण टोचली तर टोपी मनालीपर्यंत पोचायच्या आत बॅगेत जाईल.

मैना, पायरी का पडते ते आधी बघू, म्हणजे उपाय पाठ करावे लागणार नाहीत. गोल विणकामात 'फेरी' अशी बंद गोष्ट नसतेच. बोल्टच्या आट्यांसारखी एकच ओळ वर वर चढत जाते. फेरीचा शेवटचा टाका झाला की पुढचा टाका त्याच्या शेजारी येतो खरा, पण बसतो पहिल्या टाक्याच्या डोक्यावर. एकरंगी टोपीतही ही चढण असते, नुसती दिसत नाही. रंग बदलला की जुन्या रंगाच्या शेवटच्या टाक्याशेजारी, त्याच उंचीवर, नव्या रंगाचा पहिला टाका येतो. म्हणजे सांध्याच्या एका बाजूला नवा पट्टा एक ओळ आधी सुरू होतो आणि दुसऱ्या बाजूला एक ओळ उशिरा. ही तुमची पायरी.

तेव्हा तुमच्या हाताचा यात काही दोष नाही. जगातल्या सगळ्यात नीटस विणणाऱ्या बाईलाही ही पायरी पडणारच. पुढचे सगळे उपाय म्हणजे एका टाक्याला थोडं ओढून-ताणून डोळ्याला फसवणं. (आणि विणतो मी स्वतः. बायको नाही. दरवेळी विचारलं जातं म्हणून आधीच सांगितलं.)

सुलटउलट
चार फेऱ्यांच्या पट्ट्याला सगळ्यात सोपा उपाय सांगते.

नवा रंग जोडून पहिली फेरी नेहमीसारखी पूर्ण विणायची. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला आलीस की पहिला टाका विणायचा नाही. उलट टाक्याला सुई घालतो तशी घालून तो नुसता डाव्या सुईवरून उजव्या सुईवर घ्यायचा. धागा मागच्या बाजूलाच राहील. मग उरलेली फेरी नेहमीसारखी. झालं, एवढंच. पुढच्या रंगाला परत तेच.

 

कर्वेनगरची_मैना
एवढंच? एक टाका न विणल्याने काय होतं पण?

पेठेतला_यंत्रज्ञ
तो एक टाका दोन ओळींच्या उंचीएवढा ताणला जातो. खाली बसलेला असतो, तो वर ओढला जाऊन शेजाऱ्याच्या बरोबरीला येतो.

पण याची किंमत आहे. त्या उभ्या रांगेत प्रत्येक पट्ट्यामागे एक ओळ कमी भरते. टोपीला सहा-आठ पट्टे असतील तर खपून जातं. स्वेटरच्या अंगाला वीस-पंचवीस पट्टे घातले आणि दरवेळी त्याच रांगेतला टाका उचलला, तर ती रांग आखडते आणि कापडाला तिथे चुणी पडते.

सुलटउलट
हो, म्हणून स्वेटरला सुरुवातच सरकवतात. उचललेला टाका त्या फेरीचा शेवटचा टाका धरायचा आणि खुणेची रिंग एक टाका डावीकडे न्यायची. पुढचा रंग तिथून सुरू. मग आखडणं एका रांगेत साठत नाही, तिरकं पसरतं. टोपीला मात्र मी हे करत नाही, कारण वर टाके कमी करायला लागलं की सरकलेल्या सुरुवातीमुळे हिशोब डोक्यात राहत नाही. १०४ टाक्यांचे १३-१३ चे आठ भाग पाडून वर गोळा करणार असशील तर सुरुवात एकाच जागी असलेली बरी.

दोन_टाके_पुढे
मी दुसरी पद्धत वापरते आणि मला तीच आवडते. पहिली फेरी नव्या रंगाने पूर्ण. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला पहिल्या टाक्याच्या बरोबर खाली बघा, तिथे जुन्या रंगाचा टाका असतो. त्याचा उजवा पाय (टाक्याच्या फासाची उजवी बाजू) डाव्या सुईवर उचलून घ्यायचा आणि पहिल्या टाक्यासोबत दोन्ही एकत्र सुलट विणायचे. जुना रंग वर चढतो आणि पायरी भरून निघते. रांगेतली ओळही कमी होत नाही. जाड लोकरीत त्या जागी बोटाला किंचित गाठीसारखं लागतं, बारीक लोकरीत कळतही नाही. पाय उचलताना उजवाच उचला. डावा उचलला तर टाका पिळवटून बसतो.

मंदाकाकू
वाचलं सगळं. टाका उचला, पाय उचला. शिवण घातली असतीत तर एव्हाना टोपी झाली असती.

बरं, एक काम की गोष्ट सांगते. मैनाने खालची पट्टी दोन सुलट दोन उलट घातली आहे. त्या पट्टीतही रंग बदलायचा विचार असेल तर उलट टाक्यांवर जुन्या रंगाचे ठिपके दिसतात, फार गबाळं दिसतं. नव्या रंगाची पहिली फेरी उलट-सुलट न बघता सगळी सुलट विणायची. पुढच्या फेरीपासून परत दोन सुलट दोन उलट. ठिपके जातात आणि पट्टीचा ताण काही बिघडत नाही.

कर्वेनगरची_मैना
काकू, हे सोन्यासारखं आहे! त्या पट्टीत एक पांढरी रेघ घालायची होतीच.

आता पुढचा प्रश्न. पांढरा आणि निळा प्रत्येक वेळी कापायचा की आतून वर न्यायचा?

सुलटउलट
चार फेऱ्यांपर्यंत कापू नकोस. आतून वर ने. पण मधल्या दोन फेऱ्या झाल्या की सुरुवातीला एकदा दोन्ही धागे एकमेकांवरून फिरवून घे, म्हणजे आत लांब फास लोंबणार नाहीत. पोरं टोपी घालताना बोट अडकवतात. आणि धागा वर नेताना ओढू नकोस हे परत परत सांगते. तिथे घट्ट झाला की पायरी गेली तरी चुणी पडते. पट्टे सहा-आठ फेऱ्यांचे असतील तर मात्र कापलेला बरा.

दोन_टाके_पुढे
कापला तर शेपटं लपवताना अर्धं काम तिथे होतं. जुन्या रंगाचं शेपूट एका दिशेला आणि नव्याचं विरुद्ध दिशेला, दोन्ही आपापल्या रंगाच्या टाक्यांत तिरकं ओवायचं. सांध्यातलं भोक मिटतं आणि उरलीसुरली पायरीही दबते.

तळजाईकर
माझ्या टोपीला सांध्याला उभी सैल रेघ पडते, जाळीसारखी. हीच पायरी का?

पेठेतला_यंत्रज्ञ
नाही, ते वेगळं प्रकरण. तुम्ही दोन टोकांच्या चार-पाच सुयांवर विणत असणार. एका सुईवरून दुसऱ्या सुईवर जाताना तिथला टाका सैल राहतो आणि तशी जाळी प्रत्येक सांध्याला पडते, रंग बदला किंवा न बदला. नव्या सुईवरचा पहिला टाका लोक जोरात ओढतात. त्याऐवजी दुसरा टाका विणताना धागा घट्ट ओढा. आणि दर थोड्या फेऱ्यांनी एक-दोन टाके पुढच्या सुईवर सरकवत राहिलात तर जाळी एका जागी साठत नाही.

तळजाईकर
पाच सुयाच आहेत, बरोबर ओळखलंत. सेट आत्येचा, पितळेसारखा पिवळा, त्यावर नुसता १० लिहिलंय. १० म्हणजे १० मिमी तर नक्की नाही.

मंदाकाकू
१० नंबर म्हणजे ३.२५ मिमी. आपल्याकडे जुन्या सुयांना ब्रिटिश नंबर. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर ४ मिमी, ९ नंबर ३.७५, ११ नंबर ३.

पेठेतला_यंत्रज्ञ
आणि अमेरिकन नंबर बरोबर उलटे. तिकडची ८ नंबर ५ मिमीची. इंटरनेटवरचा अमेरिकन नमुना आणि आत्येची सुई एकत्र आली की मुलाची टोपी बाहुलीची होते. मिमी बघा, नंबर विसरा.

खेळियाड
मैना, चार-चार ऐवजी एकेका फेरीचे बारीक पट्टे घाल ना. फार सुंदर दिसतात.

दोन_टाके_पुढे
खेळियाड, एका फेरीच्या पट्ट्याला वरचे दोन्ही उपाय चालत नाहीत. दोन्ही उपाय दुसऱ्या फेरीच्या पहिल्या टाक्यावर करायचे असतात आणि इथे त्या रंगाची दुसरी फेरीच नसते.

सुलटउलट
आणि गंमत म्हणजे एका फेरीच्या पट्ट्यालाच खरा बिनपायरीचा उपाय आहे! चढण लपवायची नाहीच. दोन्ही रंगांना आपापली चढण चढू द्यायची.

टोपीवर कसं करायचं ते लिहिते. खालची पट्टी निळ्याने संपली, निळा धागा सुरुवातीला लोंबतोय. तो तिथेच सोड. पांढरा जोडून विणायला लाग आणि सुरुवातीच्या तीन टाके अलीकडे थांब. ते तीन टाके न विणता उजव्या सुईवर घे (इथेही सुई उलट टाक्यासारखी घालायची). आता निळा धागा बरोबर हाताशी आला. पांढरा सोड, निळा घे, पांढऱ्याच्या डोक्यावरून निळ्याने विणत जा. पांढरा धागा जिथे लोंबतोय त्याच्या तीन टाके अलीकडे थांब, तीन टाके सरकव, पांढरा घे. असंच चालू. निळा पांढऱ्याच्या मागे, पांढरा निळ्याच्या मागे, कोणी कोणाला गाठत नाही. बदलाची जागा दरवेळी तीन टाके मागे सरकते.

दोन गोष्टी पाळायच्या. रंग बदलताना धागे एकमेकांत पिळायचे नाहीत आणि नवा धागा हातात घेतल्यावर ओढायचा नाही. पहिला टाका थोडा सैलच वाटतो, त्याला सैलच राहू दे, धुतल्यावर बसतो.

पेठेतला_यंत्रज्ञ
हेच. दोन आट्यांचा बोल्ट असतो तसंच हे. तीन रंग घ्यायचे असतील तर घेराचे तीन भाग करून प्रत्येक रंग एकेका भागाच्या सुरुवातीला जोडायचा, म्हणजे तिघं एकमेकांपासून लांब राहतात.

याचा एक वेगळाच उपयोग आहे. निळ्याचा दुसरा गुंडा आणायला गेलो आणि त्या लॉटचा, म्हणजे एकदम रंगवलेल्या खेपेचा, संपलेला. दुकानदार म्हणतो "साहेब, सेम टू सेम आहे". घरी उजेडात धरलं की सेम टू सेम नसतं. अशा वेळी जुना गुंडा आणि नवा गुंडा एकेक फेरी असेच आळीपाळीने विणायचे. फरक विरघळून जातो. वेष्टणावरचा लॉट नंबर बघूनच सगळे गुंडे एकदम घ्यावेत हे खरं, पण शेवटचा गुंडा नेहमी कमीच पडतो.

कर्वेनगरची_मैना
अरे वा. मग खाली तीन-चार रुंद पट्टे, मध्ये थोडा भाग एकेका फेरीचा आणि वर परत रुंद, असं केलं तर?

पेठेतला_यंत्रज्ञ
उत्तम. आणि रुंदी सगळीकडे सारखी ठेवायची गरज नाही. १, २, ३, ५, ८ अशा फेऱ्या घालून बघा, पट्टे आपोआप चांगले दिसतात. लोक याला फिबोनाची म्हणतात. फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं, पण हीच आकड्यांची माळ आपल्याकडे हेमचंद्रांनी त्याच्या आधी, बाराव्या शतकात, छंदशास्त्रात लघु-गुरूंच्या हिशोबात सांगितली आहे.

गोल विणकामाचा इथे मोठा फायदा आहे. दोन सुयांवर ३ किंवा ५ ओळींचा पट्टा घातला की धागा दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो आणि पुढच्या वेळी हवा तेव्हा हाताशी नसतो. म्हणून सरळ विणकामात सगळे २-४-६ च घालतात. गोल विणकामात धागा नेहमी एकाच जागी. काकू, हा मुद्दा तुमच्या शिवणीविरुद्ध नोंदवून ठेवा.

मंदाकाकू
नोंदवला. दोन्ही बाजूंना टोकं असलेल्या सुया घेतल्या तर सरळ विणकामातही पलीकडच्या टोकाने सुरुवात करता येते, हेही नोंदवा.

पेठेतला_यंत्रज्ञ
🙏 मुद्दा मागे.

जुनी_पेटी
निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून आठवलं. फ्रेंच नौदलाने २७ मार्च १८५८ च्या आदेशाने खलाशांच्या गणवेशात पट्ट्यांची विणलेली बंडी आणली. पांढरे पट्टे २० मिमी, निळे १० मिमी, म्हणजे पांढरा निळ्याच्या दुप्पट. मैनाला खलाशी ढंग हवा असेल तर चार-चार ऐवजी पांढऱ्या चार आणि निळ्या दोन फेऱ्या करून बघ. पांढरं जास्त असलं की निळा जास्त उठून दिसतो.

कर्वेनगरची_मैना
हे मला फारच आवडलं. भाच्याला विचारते. त्याला निळा जास्त हवा असणार याची शंका आहे.

खेळियाड
निळा रंग पांढऱ्यावर उतरणार नाही ना? मागे बाजारातल्या एका लाल स्वेटरने घरातलं सगळं गुलाबी केलं होतं.

मंदाकाकू
आधी बघून घ्यायचं. निळ्याचा हातभर तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवायचा. फडकं रंगलं तर त्या लोकरीशेजारी पांढरं घालायचंच नाही. ॲक्रिलिकचा रंग सहसा जात नाही, खऱ्या लोकरीचा गडद लाल-निळा जाऊ शकतो.

आणि ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवू नका कोणी. कापड कायमचं लुळं पडतं. ओलं करून हाताने सारखं करून सपाट वाळवा.

सुलटउलट
याच्याशी पायरीचाही संबंध आहे. खरी लोकर धुवून आकारात वाळवली की टाके एकमेकांत बसतात, सांधा अजून दबतो. ॲक्रिलिकमध्ये तेवढं होत नाही, म्हणून तिथे विणतानाच काळजी जास्त. विणताना बघून "जमलं नाही" म्हणून लगेच उसवायला घेऊ नका. धुतल्यावर बघा.

आणि नमुना तुकडा गोलच विणा. सरळ विणकामात एक ओळ सुलट एक ओळ उलट असते, गोलात सगळ्या सुलट. बऱ्याच जणींचा उलट टाका सुलट टाक्यापेक्षा सैल असतो. सरळ तुकड्यावर २२ टाके मोजले आणि गोलात २४ बसले की टोपी लहान होते.

तळजाईकर
पायरी कुठे ठेवायची यावर कोणी बोललं नाही. टोपीत ठीक आहे, मागे. स्वेटरला?

दोन_टाके_पुढे
काखेखाली, डाव्या बाजूला. हात खाली असला की दिसत नाही. वरून खाली तिरक्या बाह्यांचा स्वेटर विणत असाल तर पाठीच्या बाजूला, जिथे पाठ आणि बाही मिळते त्या तिरक्या रेघेवर. तिथे तशीही टाके वाढवलेली रेघ असते, नजर तिच्यावर जाते. बाहीला आतल्या बाजूला. मोज्याला टाचेच्या मागे किंवा पायाच्या आतल्या अंगाला. पाठीच्या मधोमध कधीच ठेवू नका, रांगेत मागे उभ्या माणसाला दुसरं बघायला काही नसतं.

कर्वेनगरची_मैना
अपडेट. भाच्याने खलाशी नाकारला, निळा चार आणि पांढरा दोन ठरलं. उसवून परत सुरू केलं. रुंद पट्ट्यांना पहिला टाका उचलायची पद्धत, मधल्या भागात एकेका फेरीचे पट्टे. सांधा शोधायला आतली बाजू बघावी लागतेय. दोन फेऱ्यांच्या पांढऱ्याला मात्र टाका उचलला की तो टाका लांबुळका दिसतो. तिथे काय?

दोन_टाके_पुढे
दोन फेऱ्यांच्या पट्ट्याला माझी पद्धत घे, खालचा पाय उचलायची. तिथे टाका न विणता उचलला तर पट्ट्याची सगळी उंची एकाच टाक्यावर येते, लांबुळका दिसणारच. तीन फेऱ्यांपासून पुढे दोन्ही चालतात.

कर्वेनगरची_मैना
करते. आणि टोपी आवडली तर वहिनीला त्यातच स्वेटर हवाय, आपोआप पट्टे पडणाऱ्या लोकरीचा. म्हणजे रंग बदलायची कटकट नाही, पायरीही नाही, बरोबर?

सुलटउलट
रंग बदलायची कटकट नाही. पायरीची चिंताही कमी, कारण रंग फेरीच्या कुठल्याही जागी बदलतो, एका रांगेत साठत नाही. पण दुसरी गंमत होते. त्या लोकरीत प्रत्येक रंगाची लांबी ठरलेली असते. बाहीच्या लहान घेरात तेवढ्या लांबीत बऱ्याच फेऱ्या होतात, पट्टा रुंद पडतो. अंगाच्या मोठ्या घेरात तेवढीच लांबी लवकर संपते, पट्टा अरुंद. बाही आणि अंग शेजारी ठेवले की दोन वेगळे स्वेटर वाटतात. बहुतेक ही लोकर मोज्यांच्या घेराच्या हिशोबाने रंगवलेली असते. अंगाला दोन गुंडे घेऊन दोन-दोन फेऱ्या आळीपाळीने विण, नाहीतर अंग एकरंगी ठेवून पट्टे फक्त बाह्यांना घाल. वहिनीला मी दुसरं सुचवेन, लोकरही कमी लागेल.

मंदाकाकू
आणि त्या बाह्या चार सुयांवरच विण. तिथे शिवण नको हे मलाही मान्य आहे.